कावीळ समजून थंड पाण्याची आंघोळ

आज सकाळी काय झालं, ते क्रमाने लिहिते.

१. चांदूर रेल्वेच्या माझ्या मावशीला अमरावतीत आमच्या रुग्णालयात भरती केलं. डोळे पिवळे, दोन पावलांत धाप. मी इथेच लॅबमध्ये टेक्निशियन आहे.
२. तिचं रक्त नळीतच चिकटून गोळा होत होतं. मशीनने दाखवलेले आकडे शक्यच नव्हते.
३. मी नळी कोमट पाण्यात धरली. गोळे सुटले.

थंडीने रक्ताचे गोळे होतात आणि उबेने सुटतात, असा रक्ताचा एक आजार मी फक्त पुस्तकात वाचला होता. नळी स्टँडमध्ये ठेवून मी खुर्चीत बसले.

या आजारात शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडतं, म्हणून डोळे पिवळे होतात. मावशीच्या प्रकारात थंडीने तो वाढतो. शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटलंय का, हे दाखवणाऱ्या कूम्ब्स तपासणीतही तेच निघालं.

बाहेर तिच्या मुलाला विचारलं, "दादा, घरी काय उपाय केले?"

"कावीळ म्हंजे गरमी. रोज पहाटे थंड्या पाण्यानं आंघोळ घालून राहिलो तिले."

"आजपासून बंद."

"काहून? डोये पाह्य तिचे, हळदीवानी!"

आतून मावशी ओरडली, "मी सांगत होती न तुले, मले थंडी वाजते म्हणून! आयकते कोण?"

तिची बोटं निळी पडली होती. दादाने स्वतःचे मोजे काढून तिच्या पायात घातले.

उपचार सुरू झालेत. रक्त द्यावं लागलं, तर ते गरम करत देणारं यंत्र, ब्लड वॉर्मर, लागेल. आमच्याकडचं बंद आहे. अमरावती किंवा अकोल्यात कोणाकडे चालू असेल, तर उद्या शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा.