चार दिवसांचे पाणी

आदरणीय वामनराव निंबार्ते सरांशी माझी ओळख एम.एस्सी.च्या पहिल्या प्रात्यक्षिकाला झाली. भंडाऱ्याच्या आमच्या महाविद्यालयात मोनोक्रोमेटर, म्हणजे प्रकाशातून हवी तेवढीच तरंगलांबी वेगळी काढणारे उपकरण, त्यांनी स्वतः जुळवून उभे केले होते. सोडियमच्या दिव्याची पिवळी रेषा दाखवून त्यांनी मला प्रकाश आत घेणारी फट अरुंद करत जायला सांगितले. एका रेषेच्या दोन झाल्या. त्यांनी शाबासकी दिली नाही. फटीची रुंदी वहीत लिहायला लावली.

मोहाडीच्या विणकर कुटुंबातले सर निवृत्तीनंतरही रोज प्रयोगशाळेत येतात. मीही आता तिथेच काम करते. त्याच उपकरणावर आम्ही गावागावांतले पाणी तपासतो. त्या कामातला एकच प्रसंग लिहिते. सरांविषयी याहून नेमके मला काही सांगता येणार नाही.

तुमसर तालुक्यातल्या एका शाळेच्या बोअरचे पाणी मँगनीजच्या तपासणीसाठी आले होते. दिवा जुना, प्रकाश क्षीण, म्हणून मी फट रुंद केली. ज्यांच्याशी ताडून आकडा काढतात त्या प्रमाण द्रावणांची मोजणी मात्र आधीच अरुंद फटीवर झाली होती. रुंद फटीतून शेजारच्या रेषाही आत येतात आणि आकडा खऱ्याहून कमी दिसतो. पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल मी तयार केला. सरांनी विश्वासाने सही केली. चौथ्या दिवशी वही चाळताना मला चूक दिसली. वही घेऊन मी सरांकडे गेले.

सर रागावले नाहीत. आधी मुख्याध्यापकांना फोन करून त्यांनी बोअर बंद करवली, मग मला नमुना पुन्हा लावायला सांगितला. दिवा तापेपर्यंतचा अर्धा तास मी विसरलेले नाही. आकडा मर्यादेच्या वर आला. सुधारित अहवाल ईमेलने पाठवू का, असे मी विचारले. जाऊन सांगायचे, आणि ते तूच सांगायचे, असे ते मला म्हणाले.

शाळेच्या आवारात पंधरा-वीस माणसे जमली होती. मी फटीचे सांगितले. एक आजोबा म्हणाले, "आमी कोंबड्यायच्या खुराड्याची फट रोज पाहून लावतो, म्याडम." लोक हसले. पोषण आहार शिजवणाऱ्या बाई हसल्या नाहीत.

"मंग चार दिवस लेकरं काय पेले?"

सर पुढे झाले. "तेच पानी पेले, बाई. चार दिवसात काही होत नाही, तरी डॉक्टरले दाखवून घेऊ. सही माही आहे. चूक आमची आहे."

डॉक्टरांना घेऊन ते दुसऱ्याच दिवशी गेले. मुले ठीक होती. तरीही पाण्याची दुसरी सोय होईपर्यंत दर महिन्याला नमुना आणायला सर स्वतः जात राहिले.

यंदा, पंचाहत्तरीच्या वर्षी, त्यांनी सहीचे काम माझ्याकडे दिले. मी नको म्हटले. रुंदी तीनदा तपासली तरी अहवाल हातातून सुटत नाही, हेही सांगितले.

"भेव लागते न? मंग सही तूच कर."

पहिली सही मी काल केली. अहवाल त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो न उघडता परत दिला.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळावे, अशी माझी इच्छा आहे. ती केवळ त्यांच्यासाठी नाही, माझ्या सहीसाठीही आहे.