डावीकडे फिरणारी घोडी

शेलूबाजारला आमच्या घरी एक पांढरी घोडी होती. बाबा ती वरातीला भाड्यानं द्यायचे आणि स्वतः लगाम धरून पुढे चालायचे. मी बी.एड. संपवून घरी आले, त्या दिवाळीनंतर ती खंगू लागली. पोटभर खाऊनही फासळ्या दिसत. मधूनच ताप यायचा आणि आपोआप उतरायचा.

मालेगावला मैत्रिणीच्या भावाची वरात होती. भर रस्त्यात घोडीनं मान डावीकडे वळवली आणि पाठीवर नवरदेव असतानाच ती गोल फिरू लागली. बाबांनी लगाम ओढला, तरी थांबेना. लोक आधी हसले. पण तिचे डोळे कुठंच बघत नव्हते. हळूहळू बँडही थांबला. नवरदेवाला उतरवल्यावरही ती रिकामी फिरतच राहिली.

घरी तेच. भर दुपारी, अंगणाच्या मोकळ्या जागेत, मधे काहीही नसताना तिची फेरी चाले. दमली की भिंतीला कपाळ टेकून उभी राही. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "तिच्यासमोर कोणीतरी चालून राह्यलं, बाई. तिले दिसते, आपल्याले दिसत नाई."

मी हसले. पण त्यानंतर अंगण ओलांडताना मी ती जागा टाळू लागले.

एकदा तिचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी कानातून रक्त घेतलं आणि मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून त्या म्हणाल्या, "पाहता का?"

फिकट गोल पेशी पसरल्या होत्या. त्यांच्यातून चाबकासारखं काहीतरी वळवळत चाललं होतं आणि त्याच्या धक्क्यानं पेशी बाजूला होत होत्या. मी डोळा बाजूला घेतला.

"सर्रा आहे. गोमाशीच्या चावण्यातून पसरतो. मेंदूत पोचला की जनावर असं फिरतं."

"हे किडे रक्त खातात का?"

"नाही. यांच्याशी लढताना शरीरातच जहाल रसायनं तयार होतात. लोखंड गंजावं तसं त्यानं तांबड्या पेशींचं आवरण खराब होतं. मग अशा पेशी शरीरच मोडून टाकतं. औषधानं किडे मरतील, पण खराब झालेल्या पेशी काही दिवस मोडतच राहतील."

इंजेक्शन दिलं. पुढच्या तपासणीत रक्तात एकही किडा नव्हता. तरी हिरड्या आणखीच पांढऱ्या पडल्या आणि फेरी थांबली नाही. रक्तातले किडे मेले होते आणि ती चालतच होती. मला तेव्हाच तिची खरी भीती वाटली.

त्या दुपारी बाबा दोर हातात घेऊन तिच्यासोबत गोल फिरताना दिसले.

"बाबा, तुमी काहून फिरून राह्यले?"

"तिले एकटीले कायले फिरू देऊ?" ते म्हणाले आणि चालत राहिले.

मेंदूत अजून किडे उरले असतील म्हणून डॉक्टरबाईंनी औषध बदललं. हिरड्यांवर गुलाबी झाक आली. फेऱ्या मोठ्या होत गेल्या आणि एक दिवस ती सरळ चालत पाण्याकडे गेली. बाबांनी हातातला दोर खाली टाकला.

डाव्या डोळ्यावर मात्र आजारातला सायीसारखा पडदा राहिला, त्या डोळ्यानं तिला दिसेना. वरातीला कोणी बोलावेना. बाबांनीही दुसरी घोडी घेतली नाही, फळांची गाडी लावली. डाव्या बाजूनं कोणी गुपचूप गेलं की घोडी दचकते. म्हणून घरातला प्रत्येक जण तिच्या डावीकडून जाताना काहीबाही बोलत जातो.