येडशीच्या हौदावर माझ्या रूपाने आलेला इसम

लिहून देणार: गणपत नागनाथ उंबरे, सर्व मंडळींत 'आप्पा' म्हणून परिचित, धंदा अर्जनवीस, बैठक उस्मानाबाद कोर्टाच्या आवारात लिंबाखाली. मामला: येडशीच्या अलीकडील एका बंगल्यातला लोखंडी हौद रिकामा करतेवेळी घडलेला प्रकार. काळ: आपला मुलूख मुंबई राज्यात सामील झाला त्याच्या पुढल्या साली, दसरा होऊन दिवाळीच्या आधी, भरदुपारी. साक्षीदार: हौदावरचे बाबूमियाँ मुकादम, कोर्टातले सर्व हजर इसम, आणि माझी छत्री.

संपादकसाहेब, प्रारंभीच नमूद करतो की भुताखेतांवर माझा कधीही विश्वास नव्हता. "घरात भुताटकी आहे, सबब भाडे माफ व्हावे" असा अर्ज लिहून घेण्यास आलेला पक्षकार मी कागद न उघडता परत पाठवलेला आहे. निजामी अमदानीत उर्दूत आणि आता मराठीत, आजवर हजारो अर्ज या हाताखालून गेले... खोटे कथन मी एकही लिहिले नाही.

माझी धाकटी बहीण सुभद्रा. तिचे यजमान शंकरराव येडशीकडे लहानसहान गुत्तेदारी, म्हणजे कामांचे ठेके घेण्याचा धंदा करतात. ते वयाने माझ्याहून बरेच लहान, तरी आमच्या घरचे जावई. त्यामुळे मी त्यांना 'दाजी' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो, आणि ते आले की पाट प्रथम त्यांचा. आमच्याकडची ही रीतच आहे आणि मी ती कधी मोडलेली नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सदरहू हौद निजामाच्या काळातील एका अंमलदाराने पोहण्याच्या हौसेपायी करवून घेतला होता. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी मावतील एवढी लोखंडी टाकी, जमिनीत काठापर्यंत पुरलेली. पाणी हिरवे होऊन घाण मारू लागले. बंगल्याच्या नव्या मालकाकडे पाहुणे यायचे होते, म्हणून हौद उपसून, गंज खरवडून रंगवण्याचा गुत्ता दाजींनी घेतला. तेलाचे इंजिन लावले. पाणी घोट्याइतके उरले तेव्हा दाजी व दोन गडी शिडीने आत उतरले आणि खरवडू लागले.

यापुढील हकीगत बाबूमियाँची. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी तेथे आलो. काळा कोट, टोपी, कपाळावर चढवलेला चष्मा, बगलेत छत्री. कोणाशी रामराम नाही. हौदालगतच्या काळ्या मातीत मी छत्रीचे टोक वीतभर खुपसले व उपसून काढले. त्या भोकात पाणी वर आले, अगदी काठोकाठ.

"बाहेर पाणी उभे आहे आणि आत पोकळ करता?" मी म्हणालो म्हणे. "आधी बाहेरचे काढायचे असते. इंजिन बंद करा!"

"आप्पासाब, गुत्ता तुमचा का आमचा?" बाबूमियाँ हसले. "कागदावर लिव्हा तुमी, हौद आमी बघतो."

मग मी काठावरून आत वाकलो आणि ओरडलो – "शंकऱ्या! ए गाढवा, वर ये!"

सासुरवाडीच्या माणसाने चारचौघांत जावयाला 'शंकऱ्या' म्हणावे! दाजींनी हातातली खरवडणी आपटली व तडक शिडी गाठली. जीव वाचवायला नव्हे, संपादकसाहेब... माझी कॉलर धरायला. आणि मेव्हण्यांची जुंपणार म्हणून दोन्ही गडी तमाशा पाहायला त्यांच्या मागोमाग वर आले.

तिसऱ्याचा पाय काठावर पडतो न पडतो तोच जमिनीतून गुरगुर आली. हौदाचा एक कोपरा वर उचलला गेला. नदीत नाव उठते तशी ती एवढी टाकी उठली, कलंडली. एक बाजू आत चेपली आणि काठाचे दगड धडाधड आत कोसळले. शिडीचा चुराडा झाला. सगळे भानावर आले तेव्हा मी तेथे नव्हतो. "लघवीला गेले असतील," असे बाबूमियाँना वाटले.

पुढे एका ओव्हरसिअरांनी मला समजावले, ते वाचकांच्या उपयोगासाठी देतो. पावसाळ्यानंतर जमीन पाण्याने भरलेली असते. आतल्या पाण्याचे ओझे हौदाला खाली दाबून धरते. ते काढले की बाहेरचे पाणी हौदाला खालून उचलते आणि कडेने चेपते. म्हणून आधी शेजारी खड्डा घेऊन बाहेरचे पाणी पाहावे, ते उपसावे, आणि मगच आतले, तेही थोडे थोडे. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

कारण त्याच दुपारी मी उस्मानाबादेत मुन्सफांसमोर साक्षीच्या कठड्यात उभा होतो. एका खरेदीखतावरील अक्षर माझे की नाही, यावर उलटतपासणी चालू होती. वकील, कारकून, पट्टेवाला, सर्वांनी मला पाहिले आहे.

दिवेलागणीला दाजी आमच्या घरी आले. अंगावर चिखल तसाच होता.

"आप्पा, जीव वाचवला तुमी, मान्य. पण शंकऱ्या? गाढव?"

"दाजी, मी आज कोर्टात होतो."

"व्हय का! समद्यांनी बघितलं, माझ्या कानानं ऐकलं. चुकलं म्हणायला लई जड जातंय, म्हणून कोर्ट सांगताय?"

"दाजी, शपथेवर सांगतो—"

"न्हाय! शपथा तुमच्या धंद्याच्या हायेत." पाण्याचा तांब्या तसाच ठेवून ते निघून गेले.

नंतर माझी नजर खुंटीवर गेली. पाऊस उघडून बरेच दिवस झाल्याने छत्री मी सकाळी नेलीच नव्हती. टोकाला वीतभर काळी, ओली माती होती. आमच्या गल्लीत सगळा मुरूम आहे, काळी माती नाही.

"छत्रीला कोणी हात लावला?" मी बायकोला विचारले.

"कोन लावंल? सकाळपासून तिथंच हाय की."

त्या दिवाळीला दाजी आले नाहीत. सुभद्राही नाही. त्यानंतरच्याही नाही. तुळजापूरच्या बाजारात एकदा तिची गाठ पडली, तेव्हा कपाळाचे कुंकू बोटाने दाखवून ती म्हणाली, "आप्पा, हे तुज्यामुळं हाय, मला म्हाईत हाय. मग एवढं 'चुकलं' म्हणून टाक की त्यास्नी. भाऊबीजेला मला तुज्या घरी यायचंय रे." पण संपादकसाहेब, जे बोललो नाही त्याची माफी मागणे हे खोटे कथन होते. आणि 'मी आलोच नव्हतो' हे खरे कथन कोणी मानत नाही. तो कोण होता, माझे रूप त्याने का घेतले, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

सबब, जो कोणी इसम त्या दिवशी माझ्या रूपाने व माझ्या छत्रीनिशी येडशीस हजर झाला, त्यास या लेखाद्वारे विनंती की, त्याने माझ्या परवानगीविना उच्चारलेले दोन शब्द, 'शंकऱ्या' व 'गाढवा', दाजींच्या समक्ष येऊन परत घ्यावेत, अगर लेखी उत्तर द्यावे. बाकी जे दिले, ते माझ्या बहिणीपाशी तसेच राहू द्यावे. दिवाळी जवळ आली आहे. निकाल लवकर व्हावा.

येणेप्रमाणे लिहून दिले.
गणपत नागनाथ उंबरे, अर्जनवीस