पहिली पाटी

तमिळनाडूतल्या पापनाशम स्टेशनवर अप्पा मला पुण्याच्या गाडीवर पोचवायला आले, तेव्हा त्यांच्या पोटरीपर्यंत गाळ होता. त्या दिवशी आमच्या गावची एरी, म्हणजे तलाव, उपसायचा होता. दर वैकासी महिन्यात, म्हणजे मे-जूनमध्ये, पाणी आटलं की गाळ काढून शेतांत घालायचा, आणि गाळाची पहिली पाटी आमच्या घरानं उचलायची. "जाऊन ये. तिकडली मराठी शिकलीस म्हणून आमची विसरू नकोस, कळलं की?" पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलुखात राहूनही आमच्या घरात जुन्या वळणाची मराठीच बोलतात. एवढं बोलून अप्पा गाडी हलायच्या आतच पाटी उचलायला परत पळाले. मला भारी राग आला होता.

गाळ काढण्याआधी अम्मा एरीतल्या बाभळींखालून फिरायची. करकोच्याचं एखादं पिल्लू अजून उडालं नसेल, तर त्या झाडाला जुन्या साडीची चिंधी बांधायची. तिथे फावडं पडत नसे. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, तिथेच घात झाला.

पुढे पाहणीला वनखात्याचे साहेब आले. त्यांना कॉफी पाजून अप्पांनी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या गावात पक्ष्यांस कोणी त्रास देत नाही. झाडाखाली पाऊल टाकत नाही." मी सुट्टीला आले होते, पुण्याच्या नोकरीचा तोरा होता. साहेबांना द्यायच्या निवेदनात मी झोकात इंग्रजीत टाईप केलं: गावकरी तलाव वापरत नाहीत. अप्पांनी सही केली. अभयारण्य झालं, कुंपण आलं, गाळ काढणं गुन्हा ठरला.

आता एरी गाळानं भरलीय. पाणी टिकत नाही. गेल्या वर्षी करकोचे आले, घिरट्या घालून निघून गेले. इथे ऑफिसात मला ऐकवतात, "पण पक्षी वाचायला हवेत ना?" हवेत की! इतकी वर्षं कुणी वाचवले?

अप्पा फोनवर म्हणतात, "सही माझी होती की." नाही अप्पा, वाक्य माझं होतं, आणि ते मला झोपू देत नाही.

म्हणून गावच्या सह्यांसाठी नवं निवेदन पाठवतेय, या वेळी तमिळमध्ये: आम्ही तलाव राखतो, म्हणून पक्षी येतात. गाव सोडून चेन्नई-बेंगळुरूला गेलेल्यांनो, तुम्हीही सह्या करा. परवानगी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी या वैकासीत मी येतेय. पुण्यात माझा फ्लॅट आहे, पण पाटी उचलायची पाळी जिथे माझी, तेच माझं घर. अम्मा, जुनी साडी फाडून ठेव. आधी चिंध्या बांधू, मग पहिली पाटी मी उचलेन. साहेबांना गुन्हा लिहायचा असेल तर माझ्या नावावर लिहू देत. इंग्रजी मजकूर मीच सांगेन.