सुकरीच्या हातावरचा साहेबी शब्द

एटापल्लीकडच्या रानात वाघाला मचाणाकडे हुसकायला हाका घालायचा म्हटलं की लोकांच्या पुढे जंगू असायचा. शिकारी साहेब मचाणावरून त्याला 'वार्लेट' म्हणून हाक मारायचा. जंगूची समजूत अशी, की पाटीलकीसारखा हा साहेबाने दिलेला मान आहे. गावात कोणी नावाने हाक मारली तर तो ऐकूच न आल्यासारखं करी. वार्लेट म्हटलं की छाती काढून उभा राही.

साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा जंगूने त्याच्या ड्रायव्हरकडून ती इंग्रजी अक्षरं कोळशाने पानावर काढून घेतली आणि लहानग्या लेकीच्या, सुकरीच्या हातावर गोंदवली. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं तिकडे मानतात. आपला मान लेकीपासून कोणी काढून घेऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. भोळेपणाला काही सीमा असते, पण ती त्याला दाखवणार कोण?

१९५३ साली सुकरीचं लग्न शेजारच्या गावी, पोचू पाटलाच्या मुलाशी ठरलं. मांडवात वरोऱ्याहून बदलून आलेले गुणवंतराव गुरुजी होते. त्यांनी गोंदण वाचलं. फार जुन्या काळी सरदाराचा घोडा आणि ढाल सांभाळणाऱ्या पोऱ्याला वार्लेट म्हणत. पुढे इंग्रजांनीच हलकट माणसाला तो शब्द लावला. दोन्ही अर्थ गुरुजींना ठाऊक होते. पण मांडव हसायला टपलेला, म्हणून त्यांनी हलकट तेवढंच सांगितलं. हे त्यांनीच मला नंतर चहा पिताना हसत हसत सांगितलं. तो चहा मला गेला नाही.

पोचू पाटील व्याह्याला म्हणाला, "हे पुसून आन, मंगच पोरगी घरात येईल."

जंगूने सुकरीला परत नेलं आणि स्वतःच्या हाताने बिब्ब्याचं तेल गोंदणावर लावलं. पोर तोंडात पदर कोंबून बसली होती. हात फोडांनी भरला, सडला. खपली पडली तेव्हा खालून अक्षरं पुन्हा दिसू लागली.

तरीही पोचूने तिला नांदायला नेलं. फुकट राबणारी सून कोणाला नको असते?

मोहफुलांच्या दिवसांत जंगू लेकीला भेटायला गेला. दोघं अंगणात बसली होती. आतून पोचूची हाक आली, "ए वार्लेट, बैलं पान्यावर ने."

"जी," म्हणत जंगू उठला. जुन्या सवयीने, छाती काढून.

सुकरीने त्याला हाताला धरून खाली बसवलं. "तू बस बा," ती म्हणाली, "मले हाक मारून राह्यले."