मधोमधाचा वैरी

आमच्या मेव्हण्यासारखा माणूस पालघर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला माझा नमस्कार. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म गेला, आता बोईसरला असतो. मी चौथी शिकलेला, केळव्याच्या पानवेली आणि नारळ एवढंच माझं शास्त्र. पण त्याचं ऐकून ऐकून मला पाठ झालं. दोन्ही बाजू सारख्या केल्या की घर मेलं. एकीकडे जड ठेवा, दुसरीकडे हलकं पण लांब ठेवा, म्हणजे तोल बसतो. आणि मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे; ती आधी आखायची, भिंती मागाहून.

सांगून थांबला असता तर देवमाणूस. पण हा एक डोळा मिटून, मागे मागे सरत जग तपासतो. असाच सरता सरता आमच्या शेणखड्ड्यात पडला आणि आतूनच ओरडला, "भावजी, इथून घर झकास दिसतंय!" बोईसर नाक्यावर भर रहदारीत उभा राहून मला सांगत होता, "चौक म्हणजे बिनछपराची खोली. भोवतीच्या भिंती नीट असल्या तर माणूस थांबतो." टेम्पोवाला खेकसला, "चाचा, बीच में क्यूँ खड़े हो?" हा खूश! "बरोबर बोलला. मधोमध कशालाच उभं राहू नये."

जेवायला आला की हिनं वाढलेल्या ताटालाच हात जोडायचा. "ताई, डावीकडं चिमूटभर मीठ, उजवीकडं भाजीचा ढीग, तरी ताट कलंडत नाय. आमच्या धंद्यात भल्याभल्यांना हे साधत नाय." ही म्हणायची, "जेव मुकाट्यानं. बोंबलाचं कालवण निवतंय."

पावसाळा सरता सरता ही गेली. दहाव्याला किनाऱ्यावर पिंड मांडला. कावळे सुरूच्या झाडावर, एक उतरेल तर शपथ. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना मी बघीन." माझ्या बहिणीनं वाडी सांभाळायचा शब्द दिला. कावळे ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. गवताच्या कावळ्यावर हिची बोळवण? हिचं काहीतरी मनात राहिलं आणि मला ते ठाऊक नाही.

तेवढ्यात मेव्हण्यानं एक डोळा मिटला.

"मेल्या, आज तरी नको!" बहीण ओरडली.

"अगं, पिंड मधोमध, भोवती तांबे, फुलं, वर आपला गराडा. कावळ्यानं उतरायचं कुठं?" त्यानं पिंडाचं पान उचलून कडेला ठेवलं, पुढची वाळू हातानं झाडून मोकळी केली, आम्हाला सगळ्यांना एका अंगाला हाकललं.

गुरुजी म्हणाले, "हे शास्त्रात नाय."

"आमच्या शास्त्रात हाय."

एक कावळा त्या मोकळ्या वाळूवर उतरला, तुरुतुरु चालत आला आणि शिवला. मेव्हणा तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला. हिचं समाधान झालं, असं मी मानतो. तो म्हणतो, जागा केली म्हणून आला. मी वाद घालत नाही.

हल्ली तो दर रविवारी येतो. परवा मी ओटीवर एका कडेला बसलो होतो, हिची बसायची बाजू मोकळी. मी म्हटलं, "इकडं मी, तिकडं काय नाय. ह्याचा तोल कसा बसवायचा ते सांग."

त्यानं एक डोळा मिटून पाहिलं. मग म्हणाला, "ते मला येत नाय, भावजी."

मी सरकलो नाही. तोही तिच्या जागेवर बसला नाही. खाली पायरीवर टेकला.