मुठीतली किल्ली

हृदयाच्या ऑपरेशन थिएटरबाहेर शेजारी बसलेले ते मोशीचे काका मला अजून आठवतात. आत काकूंचं ऑपरेशन रोबोनं चाललं होतं. त्यानंतर माझ्या वडिलांचा नंबर होता. काकांची सगळी नोकरी चाकणच्या कारखान्यात रोबोंच्या दुरुस्तीत गेलेली, तरी उजवी मूठ घट्ट आवळलेली.

"आमच्यात मानूस रोबोभवतीच्या जाळीच्या आत गेला की रोबो बंद," ते म्हणाले. "लाइट तोडून स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात. आपण बाहेर आल्याबिगर कुणाला चालू करता येत न्हाई. इथं मानूस आत आन् रोबो चालू!"

"डॉक्टरच चालवतात हो तो."

"व्हय, कळतंय की. पन हात ऐकत न्हाई, राव."

दुपारी नर्सनं काकू बऱ्या असल्याचं सांगितलं, तेव्हा मूठ उघडली. आत कंपनीतल्या कुलपाची जुनी किल्ली होती. तिचे दाते तळव्यावर उमटले होते.

वडिलांना आत नेताना काकांनी ती किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बाहेर येईस्तोवर सोडायची न्हाई."

वडील बाहेर आले, तोवर काका निघून गेले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता वडील रोज एकटेच भाजी आणायला जातात. बेल वाजेपर्यंत किल्ली माझ्या मुठीत असते.